नवसाचा खराटा

अंबूबाईनं पानांचा ढीग खराट्यानं सारखा केला, काडी ओढली आणि धुराकडं पाठ करून उभी राहिली. सहा वर्षं हेच. एकाहत्तरच्या लढाईत तिचा आकाराम बेपत्ता झाल्याची पलटणीची तार आली, तशी ती वाघजाईला नवस बोलली: पोरगं येईस्तोवर तुझी राई रोज लोटीन. राईतलं पान बाहेर न्यायचं नाही असा गावाचा नेम, म्हणून तिथंच जाळायची. बाई भारी हट्टाची. पाटणच्या डोंगरात एवढी लख्ख राई दुसरी नव्हती.

पण राईचं काही खरं नव्हतं. तीन वर्षांत चार झाडं आडवी झाली, आणि काल थोरला हिरडाही गेला. देवीचा कोप म्हणून तिनं आजपासून दोन वेळा लोटायला घेतलं.

दुपारी सांगलीच्या कॉलेजातले मोहिद्दीन सर मुळं बघायला आले. हिरड्यापाशी त्यांनी कुदळ मारली, तर ती फरशीवर मारल्यागत वाजली. जोतिबा गुरवाला ते समजावत होते, की गिरण्यांच्या, मोटारींच्या धुरानं हवेत कर्बवायू वाढत चाललाय. झाडं तो खातात आणि पानांतून, मुळांतून मातीत मुरवतात. वायू वाढला तर वर पाला जोमानं येईलही, पण मुळांना भुसभुशीत माती लागते, आणि ती कुजल्या पानांचीच होते. बोलता बोलता त्यांची नजर धुराकडं गेली.

"मावशी, पानं जाळू नका. लोटूही नका. यानंच झाडं मरतायत."

जोतिबानं त्यांना बाजूला नेऊन नवसाचं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. ते पुन्हा तिच्याकडं बघू शकले नाहीत.

अंबूबाई धुराकडं वळली. सहा वर्षं आपण देवीचं घर झाडत होतो, का मोडत होतो? आणि आता हात थांबवला, तर पोराला आणायचं कुणी?

मग तिनं ढीग विस्कटून विझवला, उरलेली पानं पाटीत भरली आणि हिरड्याच्या उघड्या मुळांवर मुठीमुठीनं टाकत गेली. पाटी सरल्यावर तिनं खराटा जोतिबापुढं ठेवला.

"उद्या येणार न्हवं, अंबूबाई?"

"न्हाई. आकारामचं दहावं ऱ्हायलंय, दादा. दिस बघून ठेवा."