घराच्या आत

कॉम्प्युटरमधलं चांगुणाला काही कळत नव्हतं, पण तो दमला की स्वयंपाकघरात बसूनही तिला समजायचं. आधी आतला पंखा घरघरायला लागायचा, मग आवाज चढत जायचा, आणि मग बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरायची. आनंदराज मागे टेकून बसले, म्हणजे पडदा अडकला.

कॉम्प्युटर अपूर्वाचा, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा. ती शाळेत असताना घेतलेला. आता ती लातूरला होती. बारावीनंतर नीटला मार्क कमी पडले, म्हणून क्लास लावून पुन्हा एकदा परीक्षा द्यायचं ठरलं होतं. जाण्याआधी तिनं वडिलांना एक प्रोग्राम शिकवून ठेवला होता. त्यात घर नुसतं कागदावरच्यासारखं आडवं दिसत नाही. उभं राहतं, चहूबाजूंनी फिरवून बघता येतं. आनंदराज बांधकाम खात्यात ट्रेसर होते. उभी नोकरी दुसऱ्यांनी आखलेल्या रेघा गिरवण्यात गेली. रिटायर झाल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा लेकीला वाटलं, पप्पांचा वेळ जाईल.

वेळ गेला खरा. सकाळची पोहे-चहाची बशी बाजूला सारून ते बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत उठायचे नाहीत. कुणाच्या तरी घराचा नकाशा करून राहिले असतील, असं चांगुणा धरून चालली होती. एका दुपारी चहा ठेवायला ती मागे गेली आणि पडद्याकडे बघून तशीच उभी राहिली. दोन-दोन हात जाड दगडी भिंती. वर मातीचं माळवद. वाकून जावं लागेल असं बुटकं दार, दाराशी एक पायरी, पायरीला लागून रांजण. नांदेडात असलं घर आता कोण बांधतंय?

चहाचा कप तिनं आवाज न करता खाली ठेवला आणि ती परत चुलीशी, म्हणजे गॅसशी, जाऊन बसली. तिला समजलं होतं.

तिच्या आधी आनंदराजांचा एक संसार होता. किल्लारीच्या बाजूला गाव. भूकंप झाला तेव्हा ते नव्या नोकरीमुळं नांदेडला होते. बायको आणि मुलगा गावी. पुढं चांगुणाला बघायला आले तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "माझं घर पडलं. दोघं गेले." तिनं मान हलवली, त्यांनी प्यायला पाणी मागितलं, आणि तो विषय मिटला. मिटला तो बोलण्यातून. लग्न झाल्यापासून आनंदराज कधी घराच्या आत झोपले नव्हते. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात ओसरीवर. गल्लीत एकेका घरावर स्लॅब चढत गेला. यांच्या घरावर पत्रेच राहिले. चांगुणा आत झोपायची, आधी एकटी, मग लेकीला कुशीत घेऊन. आणि लातूरला तर ते खात्याच्या कामालाही कधी गेले नाहीत. अपूर्वाला हॉस्टेलवर सोडायला चांगुणाच गेली होती. अपूर्वाला यातलं काही ठाऊक नव्हतं. थोडी मोठी झाली की सांगू, म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

आता रोज चांगुणा दारातून चोरून बघायची. बाहेरून सगळं ठीक चालायचं. घर फिरायचं, माळवदावरचं गवतसुद्धा दिसायचं. पण आनंदराज दाराकडे वळले, आत शिरायला लागले, की पंखा ओरडायचा आणि चित्र थिजायचं. ते वाट बघायचे. कधी कधी तास तास. पडद्यावर अर्धं दार आणि पुढं हे, गुडघ्यांवर हात ठेवून, कुणी आतून कडी काढायची वाट बघावी तसे.

तिला ते बघवेना. तिनं लेकीला फोन लावला.

"आई, तो जुना झालाय गं," अपूर्वा म्हणाली. "त्यात ग्राफिक्स कार्डच नाही वेगळं. एवढं जड चित्र त्याला ओढत नाही. पप्पा काय काढून राहिले एवढं?"

"घर," चांगुणा म्हणाली. "मग ते कार्ड बसवता येतं का?"

"येतं की. शरणप्पा काकांकडं घेऊन जा."

शरणप्पा मूळचा उदगीरचा. श्रीनगरच्या बाजूला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आनंदराज आंघोळीला गेलेले बघून चांगुणानं शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली आणि कॉम्प्युटरचा तो काळा डबा मांडीवर घेऊन निघाली. शरणप्पानं बाजूचं झाकण काढलं तशी आतून धुळीची गादीच निघाली. त्यानं ती ब्लोअरनं उडवली, बॅटरी धरून आत बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"ताई, हे लई जुनं हाय. मोठं कार्ड ह्या डब्यात मावणार न्हाई, आणि मावलं तरी ह्याच्या सप्लायला झेपणार न्हाई. नवा घ्या. ह्यातलं समदं नव्यात टाकून देतो."

"नको. ह्यातच बसवा."

"खामखा खर्च हाय, ताई."

"असू द्या," ती म्हणाली. घर पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवायचं, आणि त्यात काही पडलं-मोडलं तर, हे ती त्याला कसं सांगणार होती? "लहान मिळत असंल तर लहान बसवा. पण ह्यातच."

शरणप्पानं तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं कपाटातून तळहाताएवढं एक कार्ड काढलं, वर इवलासा पंखा असलेलं. मागची पत्र्याची पट्टी काढून ते फटीत दाबलं, टक् आवाज झाला, एक स्क्रू पिळला. मग दुकानातला पडदा जोडून तो बराच वेळ काय काय टाकत बसला.

घरी आली तेव्हा आनंदराज दारातच उभे होते. "कुठं नेलतंस?" डबा तिच्या हातातून घेत त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात," ती म्हणाली. त्यांना हसू आलं नाही.

सगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं, तर पडदा काळाच. आनंदराज मटकन खुर्चीत बसले. चांगुणानं घाईघाईनं शरणप्पाला फोन केला. "पडद्याची वायर जुन्याच भोकात लावली असंल, ताई. खाली नवं कार्ड हाय बघा, त्याच्या भोकात लावा." टेबलाखाली शिरून तिनंच ती काढून दुसरीकडे लावली, आणि तिला वरून त्यांचा खोल श्वास ऐकू आला.

पंखा ओरडला नाही. घर आलं. आनंदराज पायरीपाशी गेले, दारापाशी गेले, आणि थांबावं न लागता आत गेले.

आत दुपार होती. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा सारवलेल्या जमिनीवर पडला होता आणि भिंतीच्या दगडांना सावल्या होत्या. चूल, कोनाडा, कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो, दांडीवर लुगडं.

"ये," आनंदराज म्हणाले. "बस इथं." त्यांनी आपली खुर्ची सरकवून स्टुलाला जागा केली.

ती बसली. ते तिला दाखवत गेले. इथं जातं. इथं ज्वारीची कणगी. ही खुंटी वाकडी होती, बदलायची राहिली.

"त्या कुठं झोपायच्या?" तिनं विचारलं.

चित्र हळूहळू आतल्या बाजूला वळलं. जमिनीवर एक वाकळ अंथरलेली होती, तिच्यावर चौकोनी चौकोनी ठिगळं. एवढी ठिगळं त्यांनी एकेक करून रंगवली असतील.

"इथं. लक्ष्मी दाराकडं. पोरगं भिंतीकडं." मग भिंतीकडच्या ठिगळावर बोट ठेवून, "नरसिंग. नरसिंग नाव होतं त्याचं."

एवढ्या वर्षांत चांगुणानं ही दोन नावं पहिल्यांदा ऐकली. तिनं ती मनातल्या मनात म्हणून बघितली. मग ती उठून कुकर लावायला गेली, आणि डाळ धुताना तिला रडू आलं. कुणासाठी, ते तिलाच सांगता आलं नसतं.

तिला वाटलं होतं, एकदा आत जाऊन आले की त्यांचं मन निवेल. झालं उलटंच. आता अडवणारं काही राहिलं नाही. चहा गार व्हायचा, जेवण पानात राहायचं. ते आत फिरत असायचे. वाकळ नीट करायचे, कोनाड्यातला दिवा इकडून तिकडे ठेवायचे. तिनं काही विचारलं तर "हाव" म्हणायचे, आणि ते 'हाव' कुठल्या घरातून आलं, हे तिला कळायचं नाही. आधी निदान ते दाराबाहेर तरी होते. दार तिनंच उघडून दिलं होतं.

अशात अपूर्वाचा फोन आला. क्लासच्या टेस्टमध्ये ती पार खाली गेली होती. बोलता बोलता हुंदके द्यायला लागली. "माझ्यानं होत नाही आई. पप्पांना दे ना."

आनंदराजांनी फोन कानाला लावला.

"पप्पा, एकदा या ना इथं. सगळ्यांचे पप्पा येतात रविवारी."

"आई येईल," ते म्हणाले. "तू रडू नको. आई येईल." आणि फोन चांगुणाच्या हातात देऊन पुन्हा पडद्याकडे वळले.

चांगुणानं फोन ठेवला. 

"मेलेल्या लेकराकडं रोज जाता," ती म्हणाली, "आणि जित्या लेकीकडं एकदा जाववत न्हाई तुम्हाला?"

शब्द तोंडातून गेल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला.  पडद्यावर ती वाकळ होती, तो उन्हाचा पट्टा होता. थोड्या वेळानं आनंदराज उठले, ओसरीवर जाऊन खाटेवर बसले, आणि संध्याकाळ उतरली तरी बसून राहिले. तिनं पुढं ठेवलेली भाकरी त्यांनी मोडली, खाल्ली नाही.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. "एसटी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूर सोडल्यावर आनंदराजांनी पुढच्या सीटचा दांडा धरला तो लातूर येईपर्यंत सोडला नाही. स्टँडवरून ऑटोनं क्लासच्या भागात आले. रस्ताभर पाठीवर दप्तरं घेतलेली पोरंपोरी, मेसचे बोर्ड, भिंतीभर पहिल्या आलेल्यांचे फोटो. आनंदराज त्यातलं काही बघत नव्हते. ते मान वर करून इमारती बघत होते, एकीवर एक चढलेले मजले.

अपूर्वाच्या हॉस्टेलच्या जिन्यापाशी ते थांबले. एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. "तू जा. तिला खाली घेऊन ये," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला, इमारतीपासून लांब, कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले.

अपूर्वा पळतच खाली आली. वाळली होती. वडिलांना बघून ती आधी हसली, मग तिचा चेहरा वाकडा झाला.

"कितव्या मजल्यावर झोपतीस?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"खालच्या मजल्यावर न्हाई का मिळत खोली? दाराजवळची?"

"पप्पा, तुम्ही एवढ्या दिवसांनी हे विचारायला आलात?"

 आनंदराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. मग म्हणाले, "परीक्षेचं न्हाई झालं तर न्हाई झालं. आम्हाला काय करायची परीक्षा. तू पाहिजेस."

ती त्यांच्या छातीशी डोकं लावून रडली. चांगुणा दोन पावलं मागे उभी होती. वर्षभर ते का आले नव्हते, ते तिला आत्ता दिसलं. तिला वाटलं होतं, त्यांना लेकीची पर्वा नाही. खरं तर या गावात आपलं लेकरू रोज छताखाली झोपतं, एवढं त्यांना डोळ्यांनी बघायचं नव्हतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून गेलेलं आता परत घेता येत नव्हतं.

अपूर्वा त्यांच्याबरोबर आली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा टेस्ट होती. तिला सोडून दोघं स्टँडवर आले. औशाकडे जाणारी गाडी लागलेली होती. किल्लारीच्या बाजूचीच. आनंदराजांनी पाटी वाचली.

"जायचं का?" चांगुणानं हळूच विचारलं.

"न्हाई. तिथं काय हाय आता."

नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मात्र ते आपणहून बोलायला लागले. लक्ष्मीला नदीची भीती वाटायची. नरसिंग चालायला लागला तो एकदम पळतच सुटला. भूकंपाआधी शेवटचे ते गावाहून निघाले तेव्हा लक्ष्मी म्हणाली होती, आता खोली बघा नांदेडला, आम्ही येतो. ते म्हणाले होते, दिवाळीनंतर बघू. चांगुणा ऐकत होती. ते थांबले की ती "मग?" म्हणायची. अहमदपूरला गाडी थांबली, भजीवाले आले-गेले, तरी त्यांचं संपलं नव्हतं.

त्यानंतर ते दिवसभर पडद्यासमोर बसेनासे झाले. अधूनमधून बसायचे, उठायचे. बोलू लागले असंही फारसं नाही.

अपूर्वाला त्या वर्षीही मेडिकल मिळालं नाही. पेटी घेऊन ती नांदेडला परत आली, आणि पुढं नर्सिंगला गेली. आली त्या आठवड्यातच एका दुपारी, आनंदराज बुद्ध विहारात गेलेले असताना, चांगुणानं तिला सगळं सांगितलं. लक्ष्मीचं, नरसिंगचं. पोरगी गुडघे जवळ घेऊन ऐकत राहिली.

"म्हणजे मला भाऊ होता," ती म्हणाली.

"हाव."

अपूर्वानं बोटानं जमिनीवर एक रेघ ओढली. मग तिनं मान वर केली.

"ते दोघं असते तर मी नसते ना, आई? आणि तू पण इथं नसतीस."

 चांगुणानं लेकीला जवळ ओढलं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेर फाटक वाजलं. आनंदराज आले होते.