बँडमास्तरच्या कोटाला बुरशी लागली त्याची गोष्ट

मी एक कोट बोलतोय. असातसा नव्हे, बँडमास्तरचा. पांढरं जाड सुती कापड, लाल कॉलर, पितळी बटणं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज मला पाहून तुम्ही ते स्वतःहून ओळखाल याची खात्री नाही.

मला शिवलं तेव्हा शिंपी मास्तरांना म्हणाला होता, "खांद्यात सैल ठेवलाय. हात वर करायचं काम तुमचं." तेव्हापासून माझा असा समज, की बँड मीच वाजवतो. बागेतल्या गोल चौथऱ्यावर मास्तर छडी उचलायचे, वाद्यं सुरू व्हायची आणि टाळ्या पडल्या की मी छाती फुगवायचो. छाती मास्तरांची होती, हा तपशील मी सोडून द्यायचो.

एका संध्याकाळी गत ऐन रंगात असताना मास्तरांना दम लागला. छडी खाली आली. ते कठडा धरून मटकन बसले. वादक धावले, कुणी पाणी आणलं. मला काळजी कसली, तर बसल्यामुळे मागे सुरकुत्या पडतील याची.

फुप्फुसांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी त्यांना बँड सोडायला सांगितलं. घरी येताच मास्तरांनी घामाने ओल्या झालेल्या मला तसंच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं, पिशवीला गाठ मारली आणि कपाटाच्या तळाशी टाकलं. बायकोला म्हणाले, "याला कुणी हात लावायचा नाही."

मला वाटलं, केवढं जपतात मला.

पिशवीत ना वारा, ना ऊन. आधी काखेत ओशट चिकट वाटू लागलं, मग पाठीवर राखाडी ठिपके उठले, त्यांची लव झाली, लवेचे काळे डाग झाले. शेजारच्या रजईने नाक मुरडलं, तरी मी तोऱ्यातच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर कुजतानाही गेला नाही. लोक काहीतरी उद्योग करून तोंड काळं करतात. मी नुसतं पडून राहून केलं.

बाहेर मास्तरांचीही तीच गत होती, फक्त ते खुर्चीत होते. कुठे बँड ऐकू आला की खिडकी लावून घ्यायचे. त्यांची मुलगी त्यांच्याच बँडमध्ये ट्रंपेट वाजवायची. लहानपणी सारखी काहीतरी फुंकायची म्हणून ते तिला 'पिपाणी' म्हणत. तिने घरात ट्रंपेट काढणंच सोडलं.

आणि एक दिवस तिने येऊन सांगितलं, "बाबा, या रविवारी बागेत मी छडी धरणार आहे. सगळे म्हणाले, तूच उभी राहा."

मास्तरांनी उठून खिडकी लावून घेतली.

"तुमचा कोट घालू?"

"टाकून दे तो," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

पिपाणीने पिशवीची गाठ सोडली आणि चार पावलं मागे सरकली. मला वाटलं, माझ्या रुबाबाने दिपली. तिची आई आत आली, म्हणाली, "काहीतरी मेलंय का गं कपाटात?"

मीच तो.

"आधी अंगणात ने," आई म्हणाली. "घरात झटकायचा नाही. ही बुरशी बाबांच्या छातीत गेली तर संपलंच. अहो, तुम्ही खिडकीच्या आतच बसा."

दोघींनी नाकाला रुमाल बांधले आणि मला दोरीवर टांगलं. पिपाणीने कोरड्या ब्रशने पाठ घासायला घेतली. बुरशीची भुकटी उडाली तसा माझा तोराही उडाला. मग आईने बटणं कापून काढली, पितळ काळं पडू नये म्हणून, आणि घमेल्यात पाणी घेऊन त्यात व्हिनेगर ओतलं. पिपाणी ब्लीचची बाटली घेऊन आली.

"हे पण टाकते. लवकर निघेल."

"दोन्ही एकत्र केलंस तर विषारी वायू होईल, कोट राहील आणि आपण जाऊ. ठेव ती."

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. आत मास्तर उभे होते. बोटाने आपली कॉलर दाखवत होते आणि हात जोरजोरात हलवत होते.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"कॉलर बुडवू नका म्हणतायत. लाल रंग पांढऱ्यावर उतरेल."

मग मास्तर तिथून हललेच नाहीत. लिंबू-मीठ चोळताना पिपाणी घाईघाईने घासू लागली तेव्हा त्यांनी तळहात खाली दाबून 'हळू, हळू' केलं. काखेपाशी आली तेव्हा बोटांनी 'अजून, अजून'. दोन्ही हात हवेत, एक ताल धरतोय, एक आवाज वाढवतोय. पिपाणीचा ब्रश त्या तालावर चालायला लागला. आई मात्र थांबली आणि काचेकडे पाहत राहिली. मास्तरांचा हात आजारपणानंतर पहिल्यांदा खांद्याच्या वर गेला होता.

आणि त्याच्याखाली मी नव्हतो. मी घमेल्यात होतो.

साबणाने धुऊन मला कडक उन्हात वाळत घातलं. पाठ स्वच्छ निघाली, बाह्याही निघाल्या. उजव्या काखेतला डाग फिका झाला, गेला नाही. संध्याकाळी मास्तरांनी मला नाकाशी धरून वास घेतला.

"हात वर केलास की दिसेल गं हा," ते म्हणाले.

"दिसू दे," पिपाणी म्हणाली. "तुम्ही येणार ना बघायला?"

"डाग बघायला?"

"हो."

"येईन की."

रविवारी ते पहिल्या रांगेत बसले होते. पिपाणीने छडी उचलली, माझी काख उघडी पडली, मी शरमेने अर्धा झालो. पण सगळ्यांची नजर तिच्या हातावर होती. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही, डागाकडेही नाही. एका कोटाचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल, आणि खरं सांगू, तो मला लागला नाही.

आता मी कपाटात नसतो, खिडकीपाशी खुंटीवर असतो. वारा लागतो, लव येत नाही. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी मानाचा कपडा असेल, तर कार्यक्रम संपल्यावर त्याचं कौतुक नंतर करा. आधी त्याला वाळत घाला.