ऑरिनने ओतायला काढलेली बिअर

माझ्या दिराने, ऑरिनने, नवा रिफ्रॅक्टोमीटर घेतला आणि त्याला शिंगंच फुटली. बिअरचे दोन थेंब काचेवर टाकायचे, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, की आत किती साखर उरलीय ते दिसतं. आमच्या गॅरेजमध्ये आंबत ठेवलेल्या त्याच्या बिअरचा आकडा मात्र सहावरच अडून बसला होता.

"वहिनी, यीस्ट मेलं. साखर तशीच पडलीय. ओतून टाकतो."

"साखर असती तर गोड नसती लागली? चाखून बघ की जरा!"

"जिभेला काय कळतं? हे यंत्र आहे."

"अरे शहाण्या, दारू तयार झाली की तुझं यंत्र चकतं, आकडा फुगवून सांगतं. माझी तरंगती काचनळी सोडून बघ, साखर असली तर ती वरच राहते."

"ती? आजोबांच्या जमान्यातली?"

माझं डोकंच फिरलं. "ओतायचीच आहे ना? मग मला दे."

"घे, पी एकटीच," म्हणत तो गेला. मी त्या बिअरमध्ये काचनळी सोडली. ती चांगली खोल बुडाली, म्हणजे साखर कधीच संपली होती. मी बाटल्या भरून टाकल्या.

पुढच्या महिन्यात फुटबॉलची मॅच बघायला सगळे आमच्याकडे जमले. ऑरिनने एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि न विचारता दुसरी बाटली उघडली.

"वहिनी, काय झालीय! कशी केलीस, सांग ना."

"मी कुठे केली? तूच केलीस. मी फक्त ओतू दिली नाही."