जाऊबाईंचा आकडा

"घरच्या माणसाचं नाव लाल झालं, तर आपण उघडायचं नाही. शेजारच्या टेबलावर द्यायचं," आमचे साहेब पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. घरचं म्हणजे कोण, तर माझी मोठी जाऊ, त्याच कंपनीत खरेदी विभागात. आणि त्यांचं काही चुकलं, असं सासूबाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

माझं काम संगणकाच्या पडद्यापुढे बसून कंपनीतल्या माणसांवर लक्ष ठेवण्याचं. कोणी अवेळी आलं, पासवर्ड चुकवला, गरजेपेक्षा जास्त फायली उघडल्या, की यंत्रणा त्याचा आकडा वाढवते. एकेक गोष्ट क्षुल्लक. बेरीज सत्तरच्या पुढे गेली की नाव लाल.

त्या सकाळी तापाने फणफणलेली माझी लेक माझ्याकडे थांबेना.

"दे गं इकडे. तूच रडवतेस तिला," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर ती लगेच गप्प. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अकरा वाजता त्यांचं नाव लाल झालं. ब्याऐंशी! पासवर्ड नऊदा चुकलेला, सुट्टीच्या दिवशी हजेरी, एकच फाईल एकतीस वेळा उघडलेली.

"कोणाचं गं?" शेजारच्याने विचारलं.

"आहे एक हुशार बाई," म्हणत मी 'माहिती चोरीचा संशय' असा शेरा मारून साहेबांकडे पाठवलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुपारी त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं.

संध्याकाळी जाऊबाई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "कोणी कळवलं देव जाणे, पण सुटले बाई. फाईल उघडते, नि कशाला उघडली तेच आठवत नाही. पासवर्ड तर रोज नवाच वाटतो. सुट्टीतही जाऊन बसायचे, काम उरकेना म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला? तूच म्हणतेस ना, 'तुम्हाला काय, सगळंच जमतं!'"

मी पाठ फिरवून भांडी विसळत राहिले. कळवणारी मीच, हे अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात लेक रांगत आली. जाऊबाईंनी हात पसरले, ओठ हलले, पण तिचं नाव काही तोंडी येईना.

"ये गं... ये, बाळा," त्या म्हणाल्या, आणि पदराने तिचं नाक पुसलं.

तुमच्याही घरात एक असेल, जिचं सगळं छान चाललंय म्हणून तुम्ही जळता. आज तिच्याकडे जा. समोर बसा आणि विचारा, बरी आहेस ना?