चहातली लाल पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, लाल प्लास्टिकची पट्टी आहे. माझ्यासारखीने तोंड उघडावे का, याचा मी पुष्कळ विचार केला. पण किळस आता गिळवत नाही.

अंबडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी नाशिकजवळच्या एका लहान विमानतळाच्या टॉवरमध्ये आले. तिथले नियंत्रक वैमानिकांशी रेडिओवर बोलून विमानांना वाट दाखवतात. प्रत्येक विमानाची कागदी पट्टी समोरच्या फळीवर लावतात. दोन पट्ट्यांवर एकच उंची दिसली, की एका विमानाला हजार फूट वर ठेवतात. माझ्यावर काहीच लिहीत नाहीत. धावपट्टीवर कोणी असले, की मला फळीवरच्या खाचेत आडवे ठेवायचे. मी दिसले, की विमान उतरू द्यायचे नाही. पूर्वी मला रोज पुसत असत.

मग किशोरसाहेब आले. ते मला बुडवून चहा ढवळू लागले, माझ्या टोकाने दात कोरू लागले.

"शी, सर!" ज्युनिअर हर्षाली म्हणायची.

"अगं, चमच्यासाठी चार जिने कोण उतरणार? तू?"

मला मुंग्या लागल्या. सुपारीचा तुकडा माझ्या कडेला वाळून बसला.

परवा दुपारी विमानतळावरचा कामगार भिका धावपट्टीवरची कुत्री हाकलायला जीप घेऊन गेला. परवानगी साहेबांनीच दिली. मी मात्र ग्लासात होते. तेवढ्यात फोन आला, बोलणे लांबले आणि भिका त्यांच्या डोक्यातून गेला. मग विमानाने उतरण्याची परवानगी मागितली. साहेबांनी खाचेकडे पाहिले. खाच रिकामी. त्यांनी परवानगी देऊन टाकली.

मला ओरडता येत नाही.

हर्षाली जिना चढून आली आणि काचेतून पाहून किंचाळली, "सर, जीप!"

साहेबांनी माईक ओढला. खाली आलेले विमान पुन्हा वर चढले.

थोड्या वेळाने भिका धापा टाकत टॉवरमध्ये आला. "साहेब, लय खाली आलं हो विमान! टोपी उडाली माझी."

"बस, चहा घे." साहेबांनी त्याच्यासाठी चहा ओतला आणि सवयीने मलाच त्यात फिरवले.

भिकाने मला बाहेर काढले. "ही कशाची पट्टी, साहेब?"

साहेब फळीवरच्या कागदी पट्ट्या सरळ करू लागले.

"तुमची, भिकाभाऊ," हर्षाली म्हणाली. "तुम्ही धावपट्टीवर असलात, की ही या खाचेत ठेवायची असते."

भिकाने ग्लास बाजूला सारला. सुपारी नखाने खरवडली आणि मला आपल्या शर्टाला पुसले, कितीतरी वेळ.

मित्रांनो, तुमच्याजवळही कोणाच्या तरी जिवासाठी जागेवर ठेवलेली एखादी वस्तू असेल. तिने चहा ढवळू नका.