तोंडी परीक्षेच्या दाराबाहेर

मित्रांनो, त्या फ्लेमिंगला रीतभात म्हणून नाही! त्याची लेक माझ्या मांडीवर अंग चोरून बसली होती, आणि हा गडी माझ्या पाठीवर कोट टाकून फोनवर केकची चौकशी करत होता.

मी या शाळेची जुनी खुर्ची. थिस्टेड गावच्या सुताराने मला बीच झाडाच्या लाकडातून घडवलं. हेडबाई माझ्याशिवाय कशावर बसत नसत. पुढे गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी परीक्षेच्या दाराबाहेर झाली. दाराच्या फटीतून ऐकू आलं तेवढंच माझं शिक्षण. पण पन्नास वर्षं पोरांचे घामेजलेले तळहात ओळखते मी. त्यात मला कुणी शिकवू नये.

आज अल्बर्टेची शेवटची तोंडी परीक्षा होती. ती संपली की घरच्यांनी दाराशीच डोक्यावर शाळा संपल्याची पांढरी टोपी ठेवायची आणि मिळालेला गुण टोपीच्या आत लिहायचा, अशी आमच्याकडची रीत.

"ऊठ गं राणी," फ्लेमिंग म्हणाला. "अर्ध्या तासाचं तर काम. संध्याकाळी अख्खा वर्ग ट्रकमधून घरोघर फिरत आपल्याही दारात येणार आहे."

धीर यावा म्हणून तिने टोपी मागितली. उलटून पाहते तो आत शाईने ठसठशीत 'बारा'. सगळ्यांत वरचा गुण!

"बाबा, आत जायच्या आधीच?"

"अगं, तुला बाराच मिळणार. माहितीये मला."

"आणि सात मिळाले तर? खोडणार?"

फ्लेमिंगने टोपी तिच्या हातातून काढून घेतली.

"मी नाही जात. तीन आठवडे झोप नाही मला. आत्ता श्वास पण घेता येत नाहीये."

"वेडी का तू? पाहुण्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा," दार उघडून परीक्षा घेणाऱ्या बिर्गिटबाई म्हणाल्या. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ऑगस्टमध्ये पुन्हा बसता येतं. आणि ट्रकवाल्याला कळवा, तुमचं घर वगळ म्हणावं."

तरी त्याने पोरीचा दंड धरलाच. तिने माझ्या कडा गच्च आवळल्या. मीही चारही पाय रोवले. बघू कोण उठवतो!

शेवटी हात सोडला त्याने.

मित्रांनो, ज्याचा श्वास अडकलाय त्याला आधी बसू द्या. परीक्षा कुठे पळून जात नाही.

आणि फ्लेमिंग, तुला तोंडावर सांगते, ऐक. टोपीसाठी पोरीच्या डोक्याचं माप घेतलंस, त्या डोक्यात काय चाललंय ते एकदाही विचारलं नाहीस. ती येईल ऑगस्टात. नापास तू झालास, आजच!