गेनबाचा डाव आणि माझी पापणी

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. पण माझ्यासारखा तुम्ही सहसा पाहिला नसेल. माझ्या डोक्यावर घड्याळासारखी चावी आहे आणि पोटात घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग. दूर थंडीच्या मुलखातल्या कारखान्यात कुणा निगुतीच्या बोटांनी मला जुळवलं. मग कुठल्याशा साहेबाच्या गळ्यात लटकत मी हिंदुस्थानात आलो, आणि साहेब गेला तसा पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलपांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी येऊन पडलो. तिथून मला उचललं भोरच्या भिमाने. खरं घर मला मिळालं ते तेव्हा.

एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत भिमाचा फोटो स्टुडिओ होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत त्याची बायको चंद्राबाई. फोटो भिमा काढायचा, पण तो जन्माला घालायची चंद्राबाई. तांबड्या दिव्याच्या उजेडात कागद पाण्यात हलवता हलवता ती आपल्या आईकडून घेतलेल्या चालीवर स्वतःच्या ओव्या म्हणायची :

कोऱ्या कागदाच्या रानी, पाण्यामंदी पेरलं रूप,
भाताच्या खाचरात, जसं डोकं काढी रोप.

माझ्या वेळचे कॅमेरे एका वेळी एकच फोटो काढत. मग हाताने फिल्म पुढे सरकवायची, मग दुसरा. मला मात्र दोन चाली येत होत्या. अंगावरची छोटी खिट्टी एका बाजूला केली, की एका खटक्याला एक चित्र. दुसऱ्या बाजूला केली, की बोट उचलेपर्यंत चित्रामागून चित्र, पेरणीच्या पाभरीतून दाणे पडावेत तसं. आणि गळ्याभोवतीच्या आकड्यांवरून माझी पापणी, म्हणजे तुमचं शटर, किती झटकन मिटायची ते ठरे. पापणी सावकाश मिटली तर धावणारा बैल धुक्यासारखा पसरतो. झटकन मिटली तर त्याच्या खुराखालचा मातीचा कणही हवेत थांबतो; पण तेवढ्या वेळात उजेड थोडाच आत येतो, म्हणून ऊन लख्ख लागतं.

भिमाला या साऱ्याची गरज कधी पडली नव्हती. त्याच्याकडे येत ते नवरानवरी, बारशाची बाळं, नाहीतर फेटा बांधलेले पाटील. तो हात वर करून म्हणायचा, "हं, हलू नका!" आणि माणसं श्वास कोंडून उभी राहायची. भोर-वेल्ह्यात त्या दोन शब्दांना पंचाच्या शिट्टीइतका मान होता.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. एका दुपारी मार्गासनी गावचा गेनबा पैलवान स्टुडिओत आला. दार त्याला अरुंद पडलं. तो तालमीचा वस्ताद होता. घरची भातशेती बघून पोरांना कुस्ती शिकवायचा. त्याच्या हातात एक डाव असा होता, की समोरचा गडी उभा दिसे आणि लगेच आडवा दिसे. मधलं काही दिसतच नसे. कुणी म्हणे ढाक, कुणी म्हणे कलाजंग, आणि त्यावरून पारावर भांडणं होत.

"भिमाभाऊ," तो बाकड्यावर बसत म्हणाला, "माजा डाव मला दाव."

"म्हंजे?"

"दुनिया बघती. म्या न्हाई बघितला अजून."

"पोरांना शिकवताना करून दावता की, पैलवान."

"सावकाश दावला की त्यो डाव ऱ्हातच न्हाई. नुसती गळाभेट हुती." गेनबाने उजवा गुडघा चोळला. "ह्यो गेलाय. वैद्य म्हंतो, औंदा भोरची जत्रा, मग बास. पोरांस्नी काय दिऊ म्या? डाव माज्यासंगं जायचा."

आतून चंद्राबाई ओले हात पुसत बाहेर आली. "जाऊ कसा देतो, भावजी? कॅमेरा काय नुसता लग्नाला आणलाय व्हय?"

भोरच्या जत्रेआधी वेल्ह्याची जत्रा होती. तिथं सराव करायचं ठरलं. भिमाला वाटलं, एका चित्रात नाही सापडलं तर दहांत सापडेल. त्याने माझी खिट्टी दुसऱ्या चालीवर टाकली, चावी गच्च भरली आणि आखाड्याच्या कडेला बसला. हलगी वाजत होती. समोर गेनबा आणि मावळातला एक धिप्पाड गडी एकमेकांच्या मानेला भिडले होते. गेनबा वळतोय असं वाटलं, भिमाने मला डोळ्याला लावलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून खणखणीत शब्द निघाले :

"हं, हलू नका!"

काय सांगू मित्रांनो! दोघंही पैलवान जागच्या जागी थांबले. त्या धिप्पाड गड्याच्या लग्नाचा फोटो भिमानेच काढला होता. त्याने छाती पुढे काढली, मिशीवरची माती पुसली आणि गेनबाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. माझी चावी खटाखट सुटली. एकसारखे सगळे फोटो, भावाभावांसारखे. आखाडा हसून लोळला. पंच धावत आले. "आरं, कुस्ती हाय का साखरपुडा?"

कुस्ती पुन्हा लागली. भिमाने घाईघाईने चावी भरली, पुन्हा बोट दाबून धरलं. पण धुतल्यावर दिसलं ते असं : एका चित्रात दोघं उभे, पुढच्यात तो गडी पाठीवर आणि गेनबा पदर झटकावा तसा हात झटकतोय. डाव माझ्या दोन पापण्यांच्या मधून निसटला होता. आणि पहिल्या चित्रातही गेनबाच्या हातांच्या जागी नुसतं धुकं.

"पेरलं लई," चंद्राबाई म्हणाली, "पर सरीत एक दाणा न्हाई."

भिमा खाली मान घालून बसला. पण तिने ते दोघं उभे असलेलं चित्र खिडकीपाशी नेलं. धुकं हातांचं होतं. पाय स्वच्छ आले होते. "अवं, ही डावी टाच बघा. आशी वाकडी का फिरलीया?"

दुसऱ्या दिवशी ते चित्र मार्गासनीच्या तालमीत गेलं. गेनबाला स्वतःच्या टाचेचं काही ठाऊक नव्हतं. त्याचा पट्टशिष्य साहेबराव, अंगाने ठोकळ्यासारखा, पुढे आला. "वस्ताद, आमी समदी तुमच्या हाताकडंच बघतो. टाचंकडं कोण बघतंय?" गेनबाने त्याच्याशी जोड धरली. डावी टाच मातीत फिरली, आणि साहेबराव आडवा. पुन्हा धरली. पुन्हा टाच, पुन्हा आडवा.

"गावलं!" भिमा उठून उभा राहिला. "डाव बघून खटका दाबायचा न्हाई. टाच बघून दाबायचा. डाव बघीस्तवर त्यो गेलेला असतोय. एकच चित्र, पर झटक्यात मिटणाऱ्या पापणीचं."

मला त्याचा फार अभिमान वाटला. पुष्कळ चित्रं काढायची ताकद हातात असताना एकाच चित्रावर भरवसा ठेवायला छाती लागते. पण लगेच त्याचा चेहरा पडला.

"पैलवान, त्याला ऊन पायजे. तुमची जोड शेवटची. तवा सूर्य डोंगराआड गेल्याला असतोय."

जत्रेचा दंडक तुम्हाला सांगतो. भर उन्हात आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या. मग मोठे, मग त्याहून मोठे, आणि दिवेलागणीला मानाची कुस्ती, जिला चांदीची गदा. गेनबाची जोड कैक वर्षं शेवटचीच असे. आणि एका पैलवानाला दिवसात एकच कुस्ती.

गेनबाने मूठभर तांबडी माती उचलली, बोटांतून सोडली.

"मग म्या रेवड्यांत उतरतो."

"वस्ताद!" साहेबराव ओरडला. "शेवटची कुस्ती तुमची! लोक हसतील!"

"हसू दे की. हसून त्यांचं पोट दुखंल, माजा गुडघा न्हाई. तू उतर माज्यासंगं. आन् सोडू नगंस मला. ढिला पडलास तर डाव व्हायचा न्हाई."

भोरच्या जत्रेचा दिवस उजाडला. चैत्राचं ऊन असं, की आखाड्याची माती डोळ्यांत चमकत होती. निघताना चंद्राबाईने भिमाच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला. "ह्यो विरघळंस्तवर तोंड उघडायचं न्हाई. म्हंजे 'हलू नका' निघायचं न्हाई."

रेवड्यांसाठी रांगेत बसलेल्या पोरांच्या शेवटी गेनबा मांडी घालून बसला, तेव्हा सगळा आखाडा खदखदला.

"गेनबा, दुधाचं दात आलं का पुन्ना?"

"रेवड्या लई चिकट असत्यात, आजोबा, जपून!"

गेनबानेही हसून घेतलं. पण तो शड्डू ठोकून आत उतरला तसं हसणं आपोआप विरलं. साहेबराव खरंच सोडत नव्हता. त्याने वस्तादाला रेटत पार कडेपर्यंत आणलं. गेनबाचा गुडघा एकदा मुडपला. गर्दीतून चुकचुकल्याचा आवाज आला. भिमाच्या कपाळावरचा घाम माझ्या पाठीवर टपकत होता. खिट्टी एका चित्रावर, आकडा सर्वांत झटक्याच्या मिटण्यावर. माझी स्प्रिंग पोटात तटतटत होती. सुटावं, धावावं, चित्रांवर चित्रं ओतावीत असं मला वाटत होतं. पण भिमाचं बोट स्थिर होतं. तो हातांकडे बघत नव्हता, तोंडांकडे बघत नव्हता.

टाच फिरली.

खट्.

पुढच्या क्षणी साहेबराव पाठीवर होता आणि आभाळाकडे बघत हसत होता. पंचांनी गेनबाच्या ओंजळीत रेवड्या घातल्या, त्या त्याने पोरांत वाटून टाकल्या. चांदीची गदा त्या संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावरून मिरवत गेली.

चित्र मिळालं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या काळी फिल्म धुतल्याशिवाय काही कळत नसे. सकाळी गेनबा स्टुडिओच्या बाकड्यावर येऊन बसला, साहेबराव दाराशी उभा राहिला. आत चंद्राबाई कागद हलवत होती आणि आज ओवी म्हणत नव्हती. बराच वेळ गेला. मग आतून तिची हाक आली, "भावजी, या हिकडं. पर बोट लावू नगा, वलं हाय."

साहेबराव हवेत आडवा होता. घामाचे थेंब त्याच्याभोवती मण्यांसारखे थांबले होते. आणि गेनबाचे हात, ज्या हातांत सारी ताकद आहे असं अख्खा तालुका म्हणत होता, ते हात उघडे होते. दहाही बोटं पसरलेली. त्यांत साहेबराव नव्हताच.

गेनबा वाकून वाकून बघत राहिला. "आरं तिच्या," तो हळूच म्हणाला, "म्या तर धरतच न्हाई की त्याला."

"मी जोरात वढत हुतो, वस्ताद," साहेबराव म्हणाला, "आन् तुमी मोकळं केलंत. माज्याच जोरानं मी गेलो."

"व्हय. आन् म्या पोरांस्नी इतकी वर्सं सांगतोय, घट धरा म्हणून!" आणि तो भलामोठा माणूस डोळे पुसत हसायला लागला. ओला कागद हातात तोलत चंद्राबाईही हसली.

त्या पावसाळ्याआधीच साहेबरावाच्या हातात डाव बसला. पुढे त्याच्या शिष्यांच्या हातात बसला. ते चित्र तालमीच्या भिंतीवर लागलं. कुस्तीआधी प्रत्येक पोरगा मातीने भरलेलं बोट त्या उघड्या हातांवरून फिरवी. चित्र तांबडं होऊन जाई, मग चंद्राबाई नवं काढून देई आणि लटक्या रागाने म्हणे, "खाता का काय रं फोटो?" आपलं चित्र असं झिजावं, यापेक्षा मोठं कौतुक कॅमेऱ्याला कोणतं?

पुढे माझे दिवस फिरले. नवे, हलके कॅमेरे आले. कुणीतरी माझी चावी गच्च भरून मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि विसरून गेलं. ताणलेल्या स्प्रिंगला विसावा मिळाला नाही, की ती आतल्या आत थकते. आता माझी पापणी अर्ध्यावर अडते. मित्रांनो, जुनं यंत्र ठेवून देताना त्याचा ताण उतरवून ठेवा, ओलीपासून जपा, अधूनमधून बाहेर काढून फुंकर घाला. एवढं माझ्यासाठी मागतो.

पण माझ्याआधी दुसऱ्यांकडे जा. तुमच्या गावातही कुणाच्या तरी हातात असं काही असेल, जे त्यांनी स्वतःही कधी पाहिलं नाही. आंबेमोहर भाताची पेंढी बांधणारं कुणी असेल, हलगीला शेकोटीवर ताव देणारं कुणी असेल. ते हात चालते आहेत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा. फोटो आला तर उत्तमच. पण निदान टाच कुठे फिरते, तेवढं बघून ठेवा.